मुलाणी डॉक्टर आणि औंढ्याचे ठिपके

मुलाणी डॉक्टर समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोलत नसत. ते ओठांकडे बघत. नव्या माणसाला याचा फार त्रास व्हायचा. पुण्याहून हवापालटाला आलेल्या एका वकिलांची पत्नी तर नाडी दाखवता दाखवता ताडकन उठून बाहेर गेली. मग वकीलसाहेब जाब विचारायला आत आले. डॉक्टरांनी त्यांच्याही ओठांकडे टक लावून पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "तुमचेही स्वच्छ आहेत. उत्तम!" रागवायचं कसं, तेच वकिलांना कळेना. ते तसेच टोपी सारखी करत निघून गेले. मी आतल्या खोलीत पट्ट्या गुंडाळत होते, ती हसू दाबता दाबता बेजार झाले.

लोणावळ्याच्या बाजारामागे दोन खोल्यांचा त्यांचा दवाखाना होता. मी तिथे नर्स होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सात-आठ वर्षं आधी मी लागले आणि डॉक्टर थकेपर्यंत राहिले. ठेंगणी, रुंद खांद्यांची मूर्ती, काळी टोपी, कोपरांवर विरलेला कोट. कोटाच्या एका खिशात बोथट पेन्सिल आणि दुसऱ्यात दाढीचा गोल आरसा. हा आरसा दाढीसाठी नव्हता. खिडकीतलं ऊन त्यावर झेलून ते रोग्याच्या घशात पाडत.

ते मावळातलेच. वडील गावचे मुलाणी. जत्रेला, लग्नकार्याला गावची बकरी कापण्याचा मान त्यांच्या घरात होता. डॉक्टर ते कधी लपवत नसत. उलट सांगत, "बापानं गावाची बकरी कापली, मी गावाची गळवं कापतो. सुरी तीच, फक्त उकळून घेतो." एरवी त्यांचं बोलणं पुण्याच्या मास्तरांसारखं शुद्ध. पण आनंद झाला की शुद्ध भाषा पहिल्यांदा पळून जायची आणि "झ्याक! लय झ्याक!" असं ते ओरडायचे. दवाखान्यात "झ्याक" ऐकू आलं की बाहेरच्या बाकावरची माणसं समजायची, कुणाचा तरी ताप उतरला.

आणि लहान मुलांना ते अहो-जाहो करत. चार वर्षांच्या शेंबड्या पोराला म्हणायचे, "या, बसा. जीभ दाखवता का?" पोरं इतकी चकित व्हायची की रडायचंच विसरायची. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "बाई, मोठी माणसं आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगतात. लहानांचं दुसराच कुणीतरी सांगतो. निदान मान तरी त्यांचा त्यांना द्यावा."

ओठांची सवय मात्र त्यांना जन्मतः नव्हती. ती लागली शेवंतामुळे.

एका वर्षी भात झोडून झालं होतं. औंढ्याची पारू आठ वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन आली. एवढी मोठी मुलगी कडेवर, म्हणून मी आधी नखं पाहिली. पांढरीफटक. डोळ्यांच्या पापण्यांना आतून रंगच नव्हता.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळ येती पोटात," पारू म्हणाली. "गुडघं पोटाशी घिऊन लोळती. पोटाला गाठ येती, हाताला लागती. मग आपसूक जाती. आन् परसाकडं काळं व्हतंय, डांबरावानी."

"अहो शेवंताबाई, जरा खालचा ओठ ओढून दाखवता?"

शेवंतानं ओठ ओढला. त्यावर काळपट तपकिरी ठिपके होते, तीळ सांडल्यासारखे. काही ओठाच्या बाहेर त्वचेवर, काही बोटांच्या टोकांना. माझ्या मनात आलं, करवंदं खाल्ली असतील. पण तो करवंदांचा मोसम नव्हता.

डॉक्टर हातातला आरसा तसाच धरून उभे राहिले. मग फार हळू आवाजात म्हणाले, "पारूबाई, तुम्हाला एक मुलगा होता ना? नामा?"

पारूनं मान हलवली आणि पदर तोंडात कोंबला.

ती गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. मी कामाला लागण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नामा सहा वर्षांचा. हेच ओठ, हीच कळ. त्यांनी जंत समजून पुड्या दिल्या. बरं वाटलं, पुन्हा दुखलं, पुन्हा पुडी. शेवटच्या वेळी पोरगं उलट्या करत आलं, तेव्हा पोट साफ व्हावं म्हणून त्यांनी एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

"आतड्याला पीळ बसला असणार," ते म्हणाले. "वाट बंद, आणि मी मागून पूर सोडला. ठिपके मी पाहिले होते, बाई. पाहिले आणि सोडून दिले. डागच तर आहेत, म्हटलं."

पारूनं जाताना जंताची पुडी मागितली होती. ती त्यांनी दिली नव्हती. रक्तवाढीचं लोहाचं औषध दिलं आणि सांगितलं, "उद्या मी घरी येतो. घरातल्या सगळ्यांना थांबवा. या खेपेला मी आधी ऐकणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलवरून पुढे आणि मी दूधवाल्याच्या गाडीतून मागे, असे आम्ही औंढ्याला पोचलो. गावात त्या घराला जांभूळतोंडे म्हणत. पारूचा नवरा बाळू अंगणात उभा होता, दणकट, अबोल. ओसरीवर त्याची आई, बनाआजी, सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. डॉक्टरांना बघून तिनं सूप काही खाली ठेवलं नाही.

"नामाला औशीद तुमीच दिलं व्हतं न्हवं?" ती म्हणाली.

"मीच दिलं होतं, आजी."

"मग आता काय द्याया आलाव?"

"काही नाही. विचारायला आलोय. हे ठिपके तुमच्या घरात कधीपासून?"

आजीनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. डॉक्टर म्हणून आलेला माणूस आपल्याला काही विचारतोय, हे बहुधा तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. तिनं सूप बाजूला सारलं.

"माज्या धन्याला व्हतं. त्येच्या दोनी भनीस्नी व्हतं. मी हितं नांदाया आले तवा सासूनं सांगितलं, पोरी, आपल्यात ठिपक्याचं पोर पोटानं रडतं, बिनठिपक्याचं भुकंनं. वळखून घ्यायाचं आन् मगच पाजायाचं."

डॉक्टर ओसरीच्या पायरीवर धपकन बसले.

"आजी, पुन्हा सांगा!"

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी पेन्सिल काढली, पण कागद आणला नव्हता. इकडे तिकडे बघून त्यांनी सुपातले मूठभर तांदूळ घेतले, आजीकडून चिमूटभर उडीद मागून घेतले आणि सारवलेल्या अंगणात गुडघ्यांवर बसले. ठिपक्याच्या माणसाला उडीद, बिनठिपक्याच्याला तांदूळ. वर आजीचा नवरा आणि त्याच्या बहिणी, खाली त्यांची मुलं, त्याखाली नातवंडं. आजी ओसरीवरून नावं सांगत होती, डॉक्टर दाणे मांडत होते. "त्याला होते? पोट दुखायचं? कसा गेला?" शेजारची माणसं जमली. जो तो आठवून सांगू लागला. एवढ्यात कुठून तरी एक कोंबडी आली आणि तिनं वरच्या ओळीत चोच मारली.

"अहो, धरा तिला!" डॉक्टर ओरडले. "दोन आत्या खाल्ल्या तिनं!"

सगळं अंगण हसलं. आजीसुद्धा. आत्या पुन्हा मांडल्या. आणि मग चित्र दिसायला लागलं. मला डॉक्टरकीतलं काय कळणार, पण ते मलाही दिसलं. उडदाखाली उडीद होते. एखाद्या तांदळाखाली मात्र सगळे तांदूळच. मुलगे म्हणू नका, मुली म्हणू नका, दोघांतही उडीद होते. आणि पोटशुळानं गेलेली झाडून सगळी माणसं उडदाची.

डॉक्टरांचा श्वास भरभर चालला होता. "म्हणजे ठिपके आणि पोट हे एकच दुखणं आहे! बापाकडून नाहीतर आईकडून येतं. मधली पिढी सोडून उडी मारत नाही. ज्याला नाही त्याची पोरं सुटली, कायमची सुटली..." आणि ते थांबले.

आजोबा उडीद. खाली नामा आणि शेवंता उडीद. मध्ये बाळू होता, आणि बाळू तांदूळ होता. त्याचे ओठ विड्याच्या पानासारखे स्वच्छ.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ते कोटाच्या बाहीनं चष्मा पुसत राहिले. "नाही जमत," म्हणाले. "एका माणसावरून सगळं मोडतं."

"काय मोडतंय?" आजीनं विचारलं.

"बाळूला ठिपके नाहीत, आजी."

"न्हाईत?" आजी म्हणाली. "आवं, ल्हानपनी ह्येचं त्वांड बगायाचं व्हतं. लय ठिपकं! मिसरूड फुटलं तसं एकेक फिकं व्हत गेलं."

डॉक्टर उठले ते जवळजवळ पडतच. खिशातून आरसा काढला, अंगणातलं ऊन पकडलं. "बाळूभाऊ, आ करा. मोठा. गाल बाहेर ओढा."

ऊन बाळूच्या तोंडात गेलं. गालाच्या आतल्या बाजूला, जिथं कुणी कधी बघत नाही, तिथं ठिपके होते. गर्द, ठसठशीत.

"झ्याक!" डॉक्टर ओरडले. "लय झ्याक! बाई, हितं या, बगा! ओठावरनं गेलं पर गालात ऱ्हायलं! आजी, तुमी डॉक्टर, मी कंपाउंडर!" त्यांनी वाकून बाळूचा तांदूळ उचलला आणि तिथे उडीद ठेवला. साखळी जुळली. आजूबाजूची मुलं टाळ्या पिटायला लागली, का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बाळू मात्र त्या दाण्याकडे बघत होता. म्हणाला, "मंजी नामा माज्यामुळं गेला व्हय?"

मुलांच्या टाळ्या थांबल्या. डॉक्टर त्याच्याजवळ गेले. त्यांची भाषा पुन्हा जागेवर आली होती.

"नाही, बाळूभाऊ. तुमच्याकडून ठिपके आले. एरंडेल माझ्याकडून आलं."

चारचौघांत, रोग्याच्या दारात, स्वतःच्या तोंडानं हे म्हणणारा दुसरा डॉक्टर मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. बाळूनं आत जाऊन डॉक्टरांसाठी पाण्याचा तांब्या आणला.

निघताना आजीनं सांगितलं की हा शाप आहे. कुणा गरोदर सुनेनं ग्रहणात जांभळं खाल्ली, म्हणून. मला वाटलं, डॉक्टर हसतील. ते म्हणाले, "ग्रहणाचं मला माहीत नाही, आजी. पण तुम्ही जे बघून ठेवलंत ते मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही." आणि मग घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट घोकून घ्यायला लावली. ठिपक्याच्या मुलाला कळ आली आणि ती सुटेना, वर उलटी सुरू झाली, तर एरंडेल नाही, पुडी नाही, अंगारा लावायचा तर वाटेत लावा, पण मूल उचलायचं आणि दवाखाना गाठायचा.

हे सगळं त्यांनी लिहून मुंबईच्या डॉक्टरांच्या एका मंडळाला पाठवलं. उडीद-तांदळाचं चित्रही काढलं, मी त्यावर शाई फिरवली. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. तीळ पुष्कळांना असतात, जंतही पुष्कळांना असतात, योगायोगाला सिद्धान्त समजू नये. डॉक्टर एक दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. एका घरावरून कुणी का मानावं? आपण सगळ्यांचे ओठ बघू या."

तिथून ती सवय जडली. बाजारात भाजीवाली, स्टेशनावर हमाल, शाळेच्या दारातली मुलं. उर्शाला एका लग्नाचं आमंत्रण होतं. वरात वेशीत आली आणि डॉक्टर घोड्याला आडवे गेले. "नवरदेव, मुंडावळ्या जरा वर करता? फक्त ओठ बघतो." नवरदेवाच्या काकांना वाटलं, पोरगा प्यालाय का ते बघतायत. त्यांनी आरडाओरडा केला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "स्वच्छ आहेत. सुखानं नांदा." पण त्याच वरातीत नवरदेवाच्या चुलतभावाची लहान मुलगी हलगीपुढे नाचत होती, तिच्या ओठांवर ठिपके होते. विचारत गेलो, तर तिची आजी औंढ्याची, कोंबडीनं खाल्लेल्या दोन आत्यांपैकीच एक. त्या मांडवात डॉक्टरांनी जो आनंद केला, तो वरबापानंही केला नसेल.

पुढच्या वैशाखात, भर दुपारी, बाळू शेवंताला खांद्यावर टाकून औंढ्याहून पळत आला. मागे पारू. शेवंताच्या तोंडाभोवती हिरवी उलटी वाळली होती. ती ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती.

"सकाळधरनं कळ सुटंना," बाळू धापा टाकत म्हणाला. "काय बी दिलं न्हाई. उचलली आन् आलो."

"शाबास, बाळूभाऊ." डॉक्टरांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि पोटावर ठेवले. मग माझा हात ओढून तिथे टेकवला. कातडीखाली कोवळ्या काकडीसारखी गाठ होती. माझ्या हाताखाली ती ताठ झाली, शेवंता कळवळली, मग गाठ सैल पडली.

"सदरा काढताना बाही कशी उलटी आत जाते, तसं आतडं आतड्यात शिरलंय," ते म्हणाले. "पुढे काहीतरी ओढणारं आहे. पोट उघडायला हवं. पुण्याला."

पुण्याची गाडी तीन तासांनी होती. आम्ही स्टेशनात पोचलो, तेव्हा एक मालगाडी पुण्याकडे तोंड करून उभी होती. डॉक्टर तडक शेवटच्या डब्याकडे धावले. गार्ड उंच, मिशाळ, खाली उतरून निशाण झटकत होता.

"माणसं नेता येत नाहीत, डॉक्टर. नियम आहे."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी गार्डचा हात धरला आणि शेवंताच्या पोटावर ठेवला. नेमकी त्याच वेळी गाठ ताठ झाली. गार्डचा चेहरा पालटला.

"ही तीन तास थांबेल असं तुम्ही मला सांगा," डॉक्टर म्हणाले. "मी इथेच बाकावर बसतो."

गार्डनं आपली सतरंजी डब्यात अंथरली. "चढा लवकर," एवढंच म्हणाला. आम्ही पाचही जण चढलो. वाटेत बाजूला काढू नये म्हणून तो प्रत्येक स्टेशनात बाहेर झुकून ओरडत होता, "पेशंट आहे! लहान मूल आहे! लाइन द्या!" आणि खरोखर लाइन मिळत गेली. वडगाव गेलं, तळेगाव गेलं. डॉक्टर नाडीवर बोटं ठेवून बसले होते. मी शेवंताचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते.

शेवंतानं डोळे उघडले. "डॉक्टर, मी नामाकडं चाललेय व्हय?"

"नाही, शेवंताबाई," ते म्हणाले. "ही पुण्याची वाट आहे. पुण्याला नामा नाही."

पुण्याच्या इस्पितळातले सर्जन तरुण होते, विलायतेत शिकून आलेले. त्यांनी पोट तपासलं आणि म्हणाले, "जंतांचा गोळा दिसतो. सकाळपर्यंत बघू."

"आत्ता उघडा," मुलाणी डॉक्टर म्हणाले. "लहान आतड्यात आतडं शिरलंय. आणि त्याच्या टोकाला एक गाठ असेल, देठाची."

"न उघडता तुम्हाला देठसुद्धा दिसतो?"

देठ त्यांना खरोखरच कुठून दिसला होता? नंतर मी विचारलं, तेव्हा कळलं. आतड्यानं पकडून ओढायचं तर लोंबतं काहीतरी हवं. बापाच्या शेजारी बसून लहानपणी त्यांनी बकऱ्यांची हजारो आतडी धुतली होती. पण तेव्हा त्या सर्जनना ते एवढंच म्हणाले, "हिच्या ओठांवर लिहिलंय. जंत निघाले तर उद्यापासून मी दवाखान्याला कुलूप लावतो."

सर्जन हसले. पण हसता हसता त्यांनी पुन्हा नाडी बघितली आणि हसणं थांबवून हात धुवायला गेले. मुलाणी डॉक्टरांना त्यांनी आत येऊ दिलं.

आम्ही तिघं बाहेर व्हरांड्यात बसलो. पारू पुटपुटत होती. बाळू दाराकडे पाठ करून उभा होता. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. ऊन फरशीवरून सरकत खांबावर चढलं. आणि बंद दाराआडून आवाज आला.

"झ्याक! आरं, लय झ्याक!"

बाळू गर्रकन वळला. मी त्याला काही सांगायची गरजच नव्हती. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

डॉक्टर तामचिनीची थाळी घेऊन बाहेर आले. आत पिकल्या तुतीएवढी, तशीच रवाळ, काळीजांभळी गाठ होती आणि तिला खरोखर देठ होता. त्यांची टोपी कुठे तरी पडली होती. "देठ बगा, बाई, देठ! अशा आनिक दोन व्हत्या, त्या बी काढल्या. आतडं जित्तं हाय. पोरगी जगती!" त्यांच्या मागून सर्जन आले. घामानं निथळत होते. ते सरळ बाळूसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "जरा तोंड उघडता? गालाच्या आत बघू द्या."

तो दिवस आमचा सगळ्यात मोठा. त्यानंतर सगळं गोडच झालं असं नाही. डॉक्टर दर दोन-तीन महिन्यांनी औंढ्याला आणि उर्शाला जायचे, पापण्या उलट्या करून रक्त कमी झालंय का बघायचे, पोटं चाचपायचे. उर्शाच्या त्या नाचऱ्या मुलीचंही पोट उघडावं लागलं, ती वाचली. पण औंढ्यातल्या एका ठिपक्याच्या मुलाचं पोट मामाच्या गावी असताना दुखलं, तिथे त्याला एरंडेल पाजलं, आणि ते गेलं. काही वर्षांनी बाळू पोटात गोळा वाढून गेला. लहान मुलांचं कोडं डॉक्टरांनी सोडवलं होतं, मोठ्यांच्या त्या गोळ्याचं त्यांना सुटलं नाही. त्याची मयत करून आले तेव्हा म्हणाले, "अर्धंच कळलंय मला, बाई." आणि कोट न काढता पुढचा रोगी आत बोलावला.

शेवंता वाढली. ओठांवरचे ठिपके फिके झाले. सोमाटण्याचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचे वडील आधी दवाखान्यात आले. त्यांच्या कानावर जांभूळतोंड्यांची कीर्ती गेली होती. मी आत जीव मुठीत धरून ऐकत होते. डॉक्टरांनी एक शब्द खोटा सांगितला नाही.

"पोटावर व्रण आहे. पुन्हा गाठ होऊ शकते. मुलांपैकी काहींना येईल, काहींना येणार नाही. ज्यांना येईल त्यांना ठिपके दिसतील, म्हणजे तुम्हाला आधीच कळेल. शाप नाही, लागण नाही. आता तुमच्या घरात काय येतं ते सांगा."

"आमच्या?" ते गृहस्थ गडबडले. "आमच्यात काय न्हाई. म्हंजी... दमा हाय. माझा बा दम्यानं गेला. थोरला भाऊबी."

"मुलीकडच्यांना सांगितलंत?"

ते गृहस्थ टोपी गुडघ्यावर फिरवू लागले. मग म्हणाले, "तुमच्यासारका सांगनारा आमच्यात कुनी न्हवता." लग्न झालं. डॉक्टर लग्नाला गेले आणि जेवायच्या पंगतीत त्यांनी सगळ्या सोमाटण्याचे ओठ तपासले.

त्यांची शेवटची आठवण म्हणून माझ्याजवळ आहे ती स्वातंत्र्यानंतरच्या एका हिवाळ्यातली. दवाखाना एका तरुण डॉक्टरकडे गेला होता. मुलाणी डॉक्टर भुशीच्या वाटेवर एका लहानशा घरात राहत. डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, सायकल सुटली होती. मी दुपारी त्यांना भेटायला गेले होते. एवढ्यात तो तरुण डॉक्टर हातात इंग्रजी मासिक घेऊन आला. "सर, हे ऐका," म्हणाला आणि वाचून मराठीत सांगू लागला. परदेशातल्या डॉक्टरांनी काही रोगी गोळा केले होते. ओठांवर ठिपके, आतड्यांत देठाच्या गाठी, लहानपणापासून पोटशूळ, रक्त जाणं, आतडं आतड्यात शिरणं. घराण्यांतून चालत येणारं. आणि त्याही आधी, कितीतरी वर्षं आधी, युरोपातल्या एका डॉक्टरनं एका कुटुंबाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं.

मला वाटलं, आता या दुखण्याला त्यांची नावं मिळणार. उडीद-तांदूळ कुणाला कळणार?

डॉक्टर मान पुढे काढून ऐकत होते. "गालाच्या आत?" त्यांनी विचारलं. "गालाच्या आत बघितलंय का त्यांनी?"

"हो, सर. ओठांवरचे जातात, गालातले राहतात, असं स्पष्ट लिहिलंय."

"तर मग बनाआजीचं खरं होतं!" ते उभे राहिले. "परदेशातसुद्धा खरं आहे! बाई, माझा कोट कुठाय? औंढ्याला जायला हवं. शेवंता माहेरी आलीय बाळंतपणाला, तिला सांगायला हवं. आजी नाही, पण तिला तरी सांगायला हवं की जगात आणखी घरं आहेत अशी. ही माणसं एकटी नाहीत!"

"उद्या जा," मी म्हटलं. "गाडी बोलावू."

ते ऐकायच्या आधीच पायरी उतरले होते. रस्त्यानं पेंढ्याची एक रिकामी बैलगाडी औंढ्याकडे निघाली होती. त्यांनी हात केला, गाडीवानानं त्यांना वर ओढून घेतलं. ते मासिक त्यांनी त्या तरुण डॉक्टरच्या हातून काढून घेतलं होतं, मोतीबिंदूमुळे वाचता येत नसताना. गाडी चालू लागली. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. वाटेत गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या दोन बाया भेटल्या, त्यांना ते मासिक उंच धरून काहीतरी सांगत होते. बाया थांबून वर बघत होत्या. मग गाडीला गचका बसला. डॉक्टर बसले नाहीत. एका हातानं गाडीच्या साट्याची चौकट धरून, कोट वाऱ्यावर सोडून ते उभेच होते, आणि गाडीवान मागं वळून वळून ओरडत होता, "आबा, खाली बसा! आवं आबा, पडाल, खाली बसा!"